पुराभिलेखागाराच्या प्रदर्शनांना, मोडी वर्गांना सामान्य माणसानं जाऊन काही उपयोग होतो का? घरचे जुने कागद तिथं न्यावेत का?

प्रदर्शन चुकलं तरी चालेल. मोडी वर्ग चुकवू नका. कागद न्या, पण देऊन येऊ नका. एवढं लिहून थांबणार होतो, पण तुमच्या प्रश्नातले ‘घरचे जुने कागद’ हे शब्द वाचले आणि दादा आठवला.

मी परभणी जिल्ह्यातला, जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. जुन्या कागदांची प्रदर्शनं बरीच पाहिली. १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की साहेब येतात, फीत कापतात, मुक्तिसंग्रामाचे तेच फोटो बघत एक फेरी मारतात आणि चहाकडं वळतात. काचेखाली दहा-वीस कागद असतात. खाली चिठ्ठी: ‘मोडी पत्र’. अहो, पत्र आहे ते दिसतंय, पण लिहिलंय काय त्यात? कोणी कोणाला लिहिलं? सारा माफ करा म्हणून की बैल चोरीला गेला म्हणून? एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी काचेजवळ उभ्या असलेल्या माणसाला हेच विचारलं. तो म्हणाला, “सर, जुनं आहे ते.” त्याची चूक नाही, त्याला तिथं खुर्च्या मांडायला आणलं होतं.

मोडी वर्गाचं तसं नाही. पुराभिलेख संचालनालय, म्हणजे सरकारची जुनी दप्तरं सांभाळणारं खातं, मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. शाखा पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरला. संचालनालय मोडीचे वर्ग भरवतं, बहुतेक दहा-दहा दिवसांचे. इतर संस्थाही भरवतात. मी असाच एक वर्ग २०२४ च्या उन्हाळ्यात केला, सिडकोत मावसबहिणीकडं मुक्काम ठोकून. वर्गात निम्मे लोक कुणबी नोंदींमुळं आलेले. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली गेली, निजामकालीन दप्तरं उघडली गेली आणि एकाएकी मोडी वाचणाऱ्याला भाव आला. त्याआधी ‘मला मोडी येतं’ म्हटलं की लोक ‘वा, छान छंद आहे’ म्हणून विषय बदलायचे.

दहा दिवसांत मोडी ‘येतं’ असं कोणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. अक्षरं ओळखू येतात, बस्स. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. दोन शब्दांत जागा नाही. ह्रस्व-दीर्घ नाही. ‘वि’ आणि ‘वी’ एकच. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शेवटच्या दिवशी दुपारी कागद जपायचे कसे यावर सत्र होतं आणि ते सगळ्यांना खुलं होतं. ‘घरातले जुने कागद घेऊन या’ असं आठवडाभर आधी सांगितलेलं. मी लगेच थोरल्या चुलतभावाला, दादाला, फोन लावला. आमच्या आजोबांनी जमीन घेतली त्याचं खरेदीखत दादाच्या कपाटात असतं. निजामी स्टँपचा कागद, मजकूर मोडीत, वर उर्दू शेरा, तारीख खुर्दाद १३३९ फसली. (हैदराबादी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन. पण वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१. खुर्दाद म्हणजे एप्रिलच्या आसपास, म्हणजे १९३०.) या जमिनीच्या पूर्वेच्या बांधावर एक विहीर आहे. ती खरेदीत आली की नाही, यावरून भावकीशी आमचा माझ्या लहानपणापासूनचा वाद. कागद कोणालाच वाचता येत नव्हता, त्यामुळं वाद छान चालू होता.

दादा म्हणाला, “कशाला नादी लागायलास त्यांच्या? कागद एकदा सरकारात गेला की गेला. तुझ्याच हातून गेलाय की एक.”

यावर मी गप्प. १९९८ साली आमच्या वाटणीपत्राची मूळ प्रत मी एका कार्यालयात अर्जाला जोडली होती. पोच घेतली नाही. तीन बदल्या, दोन टेबलं आणि एक गळकं छत, एवढ्यात ती कुठं गेली ते आजतागायत कळलेलं नाही. दादा हे वर्षातून दोनदा तरी काढतो, दिवाळीला आणि पाडव्याला.

तरी आला बिचारा, एसटीनं, शर्टाच्या आत कागद धरून. बाहेर काढला तर चकचकीत. लॅमिनेशन!

“वीस रुपयात काम झालं,” म्हणाला. “आता पाणी पडू दे नाहीतर वाळवी लागू दे.”

सत्र घेणाऱ्या बाईंनी तो खिडकीच्या उजेडाकडं धरला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की हे गरम करून चिकटवलंय, ओढून काढायला गेलो तर शाई प्लास्टिकबरोबर येईल. त्यांनी त्यांची रीत दाखवली: जपानी टिश्यू, धुक्यासारखा पातळ, आणि पातळ खळ. पुढं कधी वाटलं तर ओलावा देऊन तो सोडवता येतो. जे परत काढता येत नाही ते कागदाला लावायचं नाही, त्यांचा सगळा धडा एवढाच. सेलोटेप नाही, पिन नाही, फेव्हिकॉल नाही. सुती फडकं आणि वेखंडाची पुरचुंडी मात्र चालते, आजीचं बरोबर होतं.

पण माझं लक्ष त्यात नव्हतं. मी चतुःसीमा शोधत होतो. पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस दुसऱ्याचं शेत, अडखळत का होईना, लागलं. पूर्वेची ओळ खालच्या उजव्या कोपऱ्यात आणि तो कोपरा दुमडलेला. झेरॉक्सवाल्यानं तो उलगडला नाही, तसाच मशीनमध्ये सारला. ‘पूर्वेस वि’ एवढं दिसतं आणि पुढची अक्षरं घडीखाली. ‘विहीर’ असेल तर विहीर आमच्या हद्दीबाहेर. ‘वीरभद्र’ असेल (पलीकडं तेव्हा वीरभद्र म्हणून कोणी कसत होता असं म्हातारे सांगतात) तर हद्द पुढं सरकते आणि विहीर आमची. निदान ह्रस्व-दीर्घ तरी लिहायची पद्धत असती! दादाला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, “मग कपाटातच होता की बरा.” मी म्हणालो, कपाटात असता तर बराच होता, तू कपाटातून काढून झेरॉक्सवाल्याकडं कशाला नेलास? तिथून पुढं बाईंनी आम्हाला जरा बाहेर जाऊन बोलायला सांगितलं.

तर तुमच्यासाठी: आधी कागदाचे मोबाइलवर सरळ वरून फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, घड्या हलक्या हातानं उघडून. मग मूळ प्रत घेऊन जा, दाखवा, विचारा आणि परत घेऊन या. आमचा कागद कोणी ठेवून घेतला नाही, मागितलाही नाही, हे दादानं मान्य करायला हवं आणि तो करत नाही. द्यायचाच झाला तर लेखी पोच घ्या. हे मी सांगतोय, १९९८ चा मी.

एक राहिलं. स्वतःच्या जमिनीचं किंवा जातीच्या नोंदीचं काम असेल तर थेट पुराभिलेखागार गाठू नका. १९५४ ची खासरा पाहणी (जमीन कोणाच्या ताब्यात त्याची नोंद), गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची नोंद) असलं काही तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि सेतवार (जमिनीच्या मोजणीची जुनी नोंद) भूमी अभिलेखकडं शोधायचं. सरकारी कागद किती काळ ठेवायचे त्याचे वर्ग असतात: ‘अ’ वर्गातले कायम ठेवायचे, ‘ड’ वर्गातले वर्षभरात काढून टाकायचे, त्यामुळं ‘नाही’ असं उत्तर आलं की आधी कागदाचा वर्ग विचारा. निजामाच्या वरच्या कचेऱ्यांचं दप्तर हैदराबादला, तारनाक्याच्या अभिलेखागारात आहे. संभाजीनगरच्या किलेअर्कमधले मुघली कागदही तिकडंच गेले. आणि नुसत्या मोडीवर भागत नाही, शेरे उर्दूत असतात. आमच्या कागदावरचा शेरा एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी चहाच्या एका कपात वाचून दिला. वर प्रदर्शनांबद्दल जास्तच बोललो. पोरांना दाखवायचं असेल तर जरूर न्या, पण ती खुर्च्या मांडणाऱ्याला नाही, आत बसलेल्या माणसाला प्रश्न विचारतील असं बघा.

वर्गाला जाताना रेघी वही नेऊ नका. कोरी न्या, आणि तिरक्या कापलेल्या निबचा पेन. रेघ आपण ओढायची असते.