पाठ केलेलं उत्तर

प्रश्न : मी बी.कॉम. असून दोन वर्षं एका कर सल्लागारांकडे काम करते. अकाउंट्स असिस्टंटच्या मुलाखतींना उत्तरं पाठ करून जाते. परवा मुलाखत घेणारे म्हणाले, "पाठ केलेलं नको, तुमचं सांगा." मी गप्पच झाले. मग तयारी करूच नये का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : करा, पण वाक्यांची नको. पाठ केलेल्या उत्तरात मधेच कुणी टोकलं की पुढचं आठवत नाही, आणि मुलाखतीत टोकतातच.

पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एका कामाचे चारच शब्द लिहा. उदाहरणार्थ, "खरेदीचं बिल आहे, पण जीएसटीआर-२बीमध्ये दिसत नाही, काय कराल?" हा प्रश्न हमखास येतो. (२बी म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, आणि क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट.) कागदावर एवढंच : ताळा, बिल नंबर, फोन, क्रेडिट. बोलताना ते असं येईल : "२बी १४ तारखेला येतं, ते खरेदीच्या नोंदींशी ताडून बघते. बिल सापडलं नाही तर आधी आमच्याच एन्ट्रीत बिल नंबर किंवा जीएसटी नंबर चुकलाय का ते बघते. तसं नसेल तर माल विकणाऱ्या पार्टीला फोन. त्यांचं विक्रीचं रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, बहुतेक वेळा ११ तारखेपर्यंत भरायचं राहिलेलं असतं. २० तारखेच्या ३बीत, म्हणजे कर भरायच्या रिटर्नमध्ये, त्या बिलाचं क्रेडिट धरत नाही, २बीत आलं की घेते." हे तुम्ही दर महिन्याला करता, मग पाठ कशाला करायचं?

तारखा, किती अशिलांचं काम बघता तो आकडा आणि "स्वतःबद्दल सांगा"चं पहिलं वाक्य मात्र पाठच हवं. तिथे अडखळणं बरं दिसत नाही. ती ओळख ६० ते ९० सेकंदांत संपवा आणि सुरुवात सध्याच्या कामापासून करा. वडिलांचा व्यवसाय, छंद वगैरे विचारल्यावर.

आता सराव. तेच उत्तर मोबाइलवर तीनदा रेकॉर्ड करा, दर वेळी वेगळ्या शब्दापासून सुरू करून. तिन्ही वेळा वाक्यं तीच आली तर पाठांतर अजून गेलेलं नाही. मग घरातल्या कुणाला तरी मधेच "म्हणजे काय?" विचारायला सांगा. इंग्रजीत बोलायचं असेल तर आधी मराठीत सांगून बघा. मराठीत अडलात तर अडचण भाषेची नाही, मुद्द्याची आहे.

एखादं काम केलेलं नसेल तर तसंच सांगा : "टीडीएसचं चलन मी भरते, रिटर्न सर भरतात."