यीस्टचा पंप जागा व्हायला किती सेकंद?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात पीएच मीटर आणि एक संगणक एवढेच आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पेशीतले संदेशवहन प्रयोग आणि गणित जोडून शिकवायचे आहे. यीस्टमध्ये ग्लुकोज घालून पाहिले, पण पीएच जागचा हलला नाही. काय चुकले?
– एक शिक्षिका, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : पाणी कोणते वापरले ते तुम्ही लिहिलेले नाही. बोअरचे असेल तर कारण बहुतेक तेच. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते आणि यीस्टने बाहेर टाकलेले प्रोटॉन (पीएच खाली आणणारे हायड्रोजनचे आयन) ते गिळून टाकते. बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर घ्या, ते गॅरेजमध्ये मिळते. सरबताची ग्लुकोज पावडरही नको. तिच्यात क्षार असतात. शुद्ध डेक्स्ट्रोज घ्या.

प्रयोग निवडला तो मात्र उत्तम. उपाशी यीस्टला ग्लुकोज मिळाले की त्याचा संदेश पेशीच्या पडद्यावरच्या प्रोटॉन पंपापर्यंत जातो. पंपाचे एक टोक त्यालाच अडवून बसलेले असते. त्यावर फॉस्फेट चढले की अडवणूक सुटते. ग्लुकोजने हा पंप जागा होतो, हे सेरानो या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवले.

दर १०० मिली पाण्यात ०.७५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळवा. त्याने मीटरचा आकडा स्थिर राहतो आणि प्रोटॉन बाहेर पडताना पोटॅशियम आत जाऊ शकते. २ ग्रॅम सुके यीस्ट याच द्रावणाने तीनदा धुवा आणि माशांच्या टाकीच्या पंपाने हवा सोडत दोन तास उपाशी ठेवा. मग ९० मिली मिश्रणात २० टक्के डेक्स्ट्रोजचे १० मिली घाला. तुलनेसाठीच्या दुसऱ्या भांड्यात डेक्स्ट्रोजऐवजी तेवढेच क्षारद्रावण. मे महिन्यात खोली चाळिशी गाठते, म्हणून दोन्ही भांडी ३० अंशांच्या पाण्याच्या बादलीत ठेवा. पहिली तीन मिनिटे दर १० सेकंदांनी, पुढे दहा मिनिटांपर्यंत दर ३० सेकंदांनी नोंद घ्या. मीटरच्या पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर एकही आकडा निसटत नाही.

आता गणित, आणि बहुतेक जण घसरतात ते इथेच. पीएच म्हणजे प्रोटॉनची संख्या नव्हे. ग्लुकोज न घातलेल्या यीस्टमध्ये ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ०.५ मिली, म्हणजे ५ मायक्रोमोल, अशा हप्त्यांनी घाला आणि दर वेळी पीएच लिहा. ही तुमची मोजपट्टी. तिच्यावरून प्रत्येक पीएचचे मायक्रोमोल काढा आणि वेळेसमोर आलेख मांडा.

मॉडेल साधे घ्या. जागे झालेल्या पंपांचा वाटा ‘प’ (० ते १, सुरुवातीला ०), पंप जागे होण्याचा दर ‘क’ आणि सगळे पंप जागे असताना प्रोटॉन बाहेर टाकण्याचा वेग ‘व’. स्प्रेडशीटच्या प्रत्येक ओळीत ५ सेकंद पुढे जायचे : प मध्ये क × (१ − प) × ५ ची भर, आणि बाहेर आलेल्या प्रोटॉनमध्ये व × प × ५ ची. आलेख आधी वाकतो, मग सरळ होतो. सरळ भागाचा चढ म्हणजे व. ती रेघ फूटपट्टीने मागे वाढवा. ती वेळेच्या अक्षाला जिथे छेदते, तो वेळ १ भागिले क. सुरुवातीच्याच नोंदी घेऊन थांबलात तर हाती फक्त क गुणिले व एवढा गुणाकार लागतो. दोन्ही वेगळे करता येत नाहीत. म्हणून सरळ भाग येईपर्यंत थांबायचेच. त्यानंतर रेघ पुन्हा वाकली तर ती बहुतेक गळती, म्हणजे प्रोटॉन परत आत झिरपणे; तो भाग रेघ काढताना धरू नका.

रेघेवरून काढलेल्या या सेकंदांत मीटरचा स्वतःचा उशीरही मिसळलेला असतो. इलेक्ट्रोड पीएच ७ च्या बफरमधून (पीएच ठरलेला असलेल्या द्रावणातून) काढून, धुऊन ४ च्या बफरमध्ये घाला. आकडा ५.१ वर यायला लागलेले सेकंद वजा करा. जुन्या, कोरड्या पडलेल्या इलेक्ट्रोडला इतका वेळ लागतो की मुले त्यालाच पेशीचा संदेश समजतात.

प्रश्न : आधी गणित करावे की प्रयोग?
– एक विद्यार्थी, साकोली, जि. भंडारा

उत्तर : आलटून पालटून. ह्वांग आणि फेरेल या संशोधकांनी १९९६ मध्ये एमएपी कायनेज साखळीचे (एकापुढे एक फॉस्फेट चढवत पेशीतला संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनांच्या साखळीचे) गणित मांडले, शेवटच्या पायरीचा प्रतिसाद स्विचसारखा खट्कन बदलेल असे त्यातून निघाले, आणि बेडकाच्या अंडपेशींच्या अर्कात तसेच आढळले. वरच्या प्रयोगातही हे करा. यीस्ट निम्मे घेतले तर व निम्मा व्हायला हवा आणि क तसाच राहायला हवा. हे आकडे प्रयोगाआधी वहीत शाईने लिहा. निम्म्या यीस्टसाठी आम्लाची मोजपट्टी नव्याने करा, कारण पेशीही प्रोटॉन धरून ठेवतात. क तरीही बदलला, तर आकडे ओढूनताणून जुळवू नका; मॉडेलमध्ये एखादी पायरी राहून गेली आहे, ती शोधा.