बेळगावला ट्रेनिंगला निघालेल्या पोरासाठी

मराठा लाइट इन्फंट्रीत निवड झाली, शाब्बास! सुरुवातीला एवढंच सांभाळ.

१. पाय. मोजे कोरडे ठेव. नडगी दुखली तर लपवू नकोस, लगेच एमआय रूम (सेंटरमधला दवाखाना) गाठ. नवी पोरं इथंच चुकतात: दुखणं अंगावर काढतात, मग हाडाला चीर जाते आणि आपल्या बॅचच्या मागे पडतात.

२. उस्तादांचं, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांचं, ओरडणं मनाला लावून घेऊ नकोस.

३. मंदिर परेड, म्हणजे सगळ्या जवानांची एकत्र पूजा-आरती, मनापासून कर. घरच्या आठवणीनं जीव कासावीस व्हायचा, तेव्हा मला तिथंच बळ मिळालं. श्रद्धेचं बळ काय असतं ते ऐक: दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली इटलीत सेनिओ नदीकाठी आपल्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून वाहून आणलं, मशीनगनी बंद पाडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला त्यांना. श्रद्धा म्हणतो ती ही.

कोर्स, प्रमोशन, पोस्टिंग? आत्ता नको. आधी कसम परेडपर्यंत, म्हणजे ट्रेनिंगच्या शेवटी शपथ घेतात तिथपर्यंत, पोच.