परदेशात राहणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्याचा दिवस नेमका कसा जातो?

तुम्ही विचारलंय की परदेशात राहणारे मिशनरी दिवसभर करतात तरी काय, त्यांना पैसे कोण देतं, आणि सकाळ-संध्याकाळ धर्मांतरच चालू असतं का. शिवाय तुमची धाकटी बहीण या कामासाठी जायचं म्हणतेय आणि घरचे धास्तावलेत, असंही लिहिलंय. मी आणि माझा नवरा बरीच वर्षं हेच करतोय, म्हणून उत्तर देते. देशाचं नाव मात्र लिहीत नाही. आमच्यात तशी पद्धतच आहे. आम्हाला फार तर विमानात बसवून परत पाठवतील, पण आमच्यामुळे तिथल्या मंडळीतल्या, म्हणजे स्थानिक चर्चमधल्या, माणसांच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागू शकतो.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. आमचा बहुतेक दिवस सांगण्यासारखा नसतो, आणि तरी दर महिन्याला तो कुणाला तरी सांगावा लागतो. या कामातला खरा ताण तिथे आहे. जंगल, साप, छळ हे सगळं त्या मानाने क्वचितचं.

सकाळी शास्त्रवाचन (म्हणजे बायबल), प्रार्थना, मग मुलांचा ऑनलाइन अभ्यास लावून देणं. त्यानंतर भाषा. पहिली दोन वर्षं आमचं मुख्य काम भाषाच होतं आणि अजूनही ते संपलेलं नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका वयस्कर बाईंकडे मी जाते. त्या भाजी निवडतात, मी फोनवर रेकॉर्डिंग लावून समोर बसते. काल काय काय झालं ते मी त्यांना सांगायचं, चुकलं की त्या मान न उचलताच बरोबर वाक्य म्हणतात, मी ते म्हणायचं, पुन्हा, पुन्हा. त्यांची नातवंडं दारात उभी राहून माझ्या उच्चारांची नक्कल करतात. घरी आल्यावर रेकॉर्डिंग ऐकताना आपलाच आवाज ऐकवत नाही. शिकलेल्या, चार लोकांत मान असलेल्या माणसाला हे जड जातं. आपल्या भाषेत तुम्ही हजरजबाबी असाल, इथे कुणी विनोद केला की सगळ्यांचं हसून झाल्यावर तुम्हाला तो कळतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू) १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचं मराठी क्रिस्तपुराण, बायबलमधली कथा सांगणारं काव्य, छापून निघालं १६१६ मध्ये. सुमारे अकरा हजार ओव्या दिसतात, मधली सदतीस वर्षं दिसत नाहीत.

दिनक्रमाचा जुना नमुना हवा असेल तर बंगालमध्ये आलेल्या विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचं १८०६ मधलं एक पत्र आहे. त्यात त्याने कलकत्त्यातला आपला एक अख्खा दिवस लिहून काढलाय. पावणेसहाला उठला, हिब्रू बायबल वाचलं, घरातल्या नोकरांबरोबर बंगालीत प्रार्थना केली, चहा ओतून होईपर्यंत मुनशीबरोबर फारसी वाचली. नाश्त्यानंतर पंडिताला घेऊन रामायणाचं भाषांतर, मग फोर्ट विल्यम कॉलेजातले तास, बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाच्या बंगाली भाषांतराची प्रुफं, तेलुगू शिकवणारा पंडित, संध्याकाळी प्रवचन, रात्री पुन्हा भाषांतर, आता यहेज्केलच्या पुस्तकाचं. आमच्या प्रशिक्षणात हे पत्र फार कौतुकाने वाचून दाखवतात. त्याच काळात त्याची बायको डोरोथी मानसिक आजाराने ग्रासलेली होती. ते वर्षानुवर्षं चाललं होतं आणि १८०७ मध्ये ती गेली. कौतुक करताना तिचं नाव सहसा कुणी घेत नाही. मी मात्र असा गच्च भरलेला दिनक्रम बघितला की आधी विचारते, घरात कोण होतं?

आता पैसे. याचं एकच उत्तर नाही, कारण सगळ्यांची रीत एक नाही. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या पंथाच्या मंडळ्या निधी एकत्र करतात आणि त्यांच्या मिशनऱ्यांना त्यातून पगार मिळतो. नाताळात त्यासाठी जी खास वर्गणी गोळा होते ती लॉटी मून या बाईंच्या नावाने, त्या चीनमध्ये जवळजवळ चाळीस वर्षं राहिल्या. संघात राहणाऱ्या कॅथलिक धर्मगुरू आणि भगिनींचं (नन्सचं) सगळं त्यांचा संघ बघतो, स्वतःच्या नावावर काही नसतं. शर्ट-टाय लावून जोडीने फिरणारे मॉर्मन पंथाचे तरुण तुम्ही पाहिले असतील. (त्यांना ख्रिस्ती म्हणायचं की नाही हा वाद इथे नको.) ते स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खर्चाने जातात, मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. साडेसहाला उठणं, साडेदहाला झोपणं असं सगळं आखून दिलेलं. २०१९ पर्यंत त्यांना घरी फोनसुद्धा वर्षातून दोनदाच करता यायचा, आता आठवड्याला करता येतो. आणि हडसन टेलर या इंग्रज मिशनऱ्याने १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन काढलं तेव्हा नियमच असा केला की ठरलेला पगार नाही आणि कुणापुढे हात पसरायचा नाही.

आमची व्यवस्था या सगळ्यांच्या मधली. ओळखीची कुटुंबं आणि काही मंडळ्या दर महिन्याला जमेल तेवढं संस्थेकडे भरतात, संस्था हिशेब तपासून आम्हाला पाठवते. निघण्याआधीचा मोठा काळ हे सहकार्य जमवण्यातच गेला. पैसे देणाऱ्यांना आम्ही दर महिन्याला प्रार्थनापत्र लिहितो. पावत्या लावणं आणि पत्र लिहिणं, महिन्याचा शेवटचा आठवडा यातच जातो.

त्या पत्राबद्दल थोडं जास्त लिहिते. मागच्या एका महिन्यात काय घडलं होतं? राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण, त्यासाठी तीन वेगवेगळ्या खिडक्या. धाकट्याचा ताप. शेजारणीची आई गेली, तिच्या घरी दिवसभर जमिनीवर बसून होते, बोलण्याइतकी भाषा त्या प्रसंगाला पुरलीच नसती आणि बोलायची गरजही नव्हती. आता हे पत्रात कसं लिहायचं? 'या दुःखातून प्रभूने एक दार उघडलं' असं लिहायला हात शिवशिवतो. असं वाक्य लिहिलं की वाचणाऱ्याला बरं वाटतं, वर्गणी चालू राहते. पण तिच्या आईचं मरण हे माझ्या पत्रातलं दार नाही. मी एवढंच लिहिलं की शेजारणीची आई वारली, मी तिच्याजवळ बसले. एका सद्गृहस्थांचं उत्तर आलं, 'मग सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) सांगितलीत का?' माणूस चांगला आहे, वर्षानुवर्षं मदत करतो. त्यांनाही काय बोलावं? लांबून तेवढंच दिसतं. फोटोंचंही तसंच. गरीब मुलांच्या घोळक्यात मधे आपण, असा फोटो मी पाठवत नाही. त्या मुलांच्या आयांना तो दाखवायची माझी हिंमत होणार नाही, मग दुसऱ्यांना का दाखवू?

परवान्याची कटकटही फार जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. कॅरी १७९३ मध्ये परवान्याशिवाय बंगालमध्ये उतरला, काही वर्षं निळीच्या कारखान्यावर काम बघितलं आणि १८०० मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात गेला. रॉबर्ट मॉरिसन या मिशनऱ्याला चीनमध्ये टिकता आलं ते १८०९ पासून त्याच कंपनीचा दुभाषा झाल्यामुळे. आजही कित्येक देश मिशनरी म्हणून व्हिसा देत नाहीत, मग शिक्षक, नर्स, इंजिनियर म्हणून लोक राहतात. माझा नवरा शिकवतो, आणि खरोखर शिकवतो, रात्री वह्या तपासत बसतो. नावापुरती कंपनी काढून व्हिसा मिळवणारेही आहेत. मला ते पटत नाही. गल्लीतल्या लोकांना दोन महिन्यांत कळतं की या माणसाला कामधंदा काही नाही, आणि जो कामाबद्दल खोटं बोलतो त्याचं देवाबद्दलचं बोलणं कोण ऐकेल?

आता धर्मांतर. हा प्रश्न तुम्ही जरा टोचूनच विचारलाय, पण विचारायलाच हवा. आमच्या घराजवळ एक छोटी मंडळी आहे, पाळक (तिचे धर्मगुरू) तिथलेच आहेत आणि आम्ही त्यांच्या हाताखाली काम करतो. आठवड्यातून एकदा बायकांचा शास्त्रपाठ असतो, तो त्यांची बायको घेते, मी खुर्च्या लावते आणि लहान मुलांना सांभाळते. कुणी आपणहून विचारलं तर माझा विश्वास काय आहे ते सांगते, लपवत नाही, तेवढ्यासाठीच तर आलेय. पण माणसं भराभर बाप्तिस्मा घेतात ही कल्पना काढून टाका. कॅरीला पहिल्या बाप्तिस्म्यासाठी सात वर्षं थांबावं लागलं, मॉरिसनलाही तितकीच, ब्रह्मदेशात जडसन या अमेरिकन मिशनऱ्याला सहा. औषध, फी किंवा नोकरी दाखवून कुणाला मंडळीत ओढणारे असतात, हे मी नाकारणार नाही. तो सरळसरळ सौदा आहे. आमच्या संस्थेत मदतीची यादी आणि उपासनेला येणाऱ्यांची यादी एकाच माणसाच्या हातात देत नाहीत, तो नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

वरचढपणाची सवय मात्र पैशापेक्षा चिवट आहे. १९१० मध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली होती. तिथे व्ही. एस. अझरया या तरुण तमिळ पाळकाने गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही गरिबांना आपलं सगळं दिलंत, देह झिजवलेत, आता आम्हाला मित्र द्या. आता ब्राझील, दक्षिण कोरिया, नायजेरिया आणि आपल्याकडूनही लोक जातात. रंग वेगळा असला तरी मोठेपणा करायचा मोह तोच. पाळकांच्या घरी जेवायला बसल्यावर सल्ला न देता उठून येणं मला अजून अवघड जातं.

मुलांचं थोडक्यात सांगते. पूर्वी त्यांना लहानपणीच बोर्डिंगात टाकायचे. चीनमधल्या मिशनऱ्यांच्या मुलांसाठी तिथल्याच चेफू गावातली शाळा १८८१ मध्येच निघाली होती. आता बहुतेक जण जवळ ठेवतात. मुलं भाषा आमच्या आधी शिकतात आणि बाजारात आमची चूक सर्वांदेखत सुधारतात. फर्लोवर, म्हणजे मायदेशीच्या लांब सुट्टीवर, घरी आलो की मात्र चुलत भावंडांत ती पाहुण्यांसारखी वागतात.

बहिणीचं म्हणाल तर तिला अडवू नका, पण संस्थेला खोदून विचारा. भाषेसाठी किती काळ देणार? सहा महिने म्हणाले तर मला शंका येईल. आजारपणाचा विमा कुठल्या देशात चालतो? अचानक परतायची वेळ आली तर तिकिटाचे पैसे आधीच बाजूला काढलेले आहेत का? तिथल्या वरिष्ठाबद्दलच तक्रार असेल तर ती कुणाला फोन करणार, आणि तो माणूस त्या वरिष्ठाच्या मर्जीतला तर नाही ना? परत आल्यावर पहिले काही महिने ती कुठे राहणार, कशावर जगणार? एकट्या मुलीला एकटीनेच घर घेऊन राहावं लागेल की जोडीला कुणी असेल? जमलं तर तिथे राहून परत आलेल्या दोघी-तिघींशी संस्थेच्या माणसांशिवाय बोला. संस्थेने अशी नावं द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी संस्था शोधा.