वाचकांचे प्रश्न : न फुटणारे टॉर्पेडो

प्रश्न (एक वाचक, उदगीर) : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांचे टॉर्पेडो सुरुवातीला फुटतच नव्हते, असं वाचलं. दोष सापडायला दीड-पावणेदोन वर्षं का लागली?

उत्तर : कारण दोष तीन होते आणि पहिला काढल्याशिवाय पुढचा दिसत नव्हता. पाणबुड्यांवरच्या या मार्क 14 टॉर्पेडोची किंमत सुमारे 10 हजार डॉलर. काटकसरीपायी युद्धाआधी तो स्फोटकं भरून एकदाही डागून पाहिला नाही. खरा गुन्हा हाच.

पहिला दोष खोलीचा. ठरवलेल्या खोलीपेक्षा टॉर्पेडो 10-11 फूट, म्हणजे जवळपास दोन परस खाली धावायचा आणि जहाजाच्या बुडाखालून निघून जायचा. पाण्याचा दाब शेपटीकडच्या निमुळत्या भागात मोजला जाई. वेगामुळे तिथं दाब कमी भरायचा, म्हणून यंत्र टॉर्पेडोला आणखी खाली नेई. जून 1942 मध्ये ऑस्ट्रेलियात आल्बनीजवळ तिथल्या अमेरिकी पाणबुड्यांचे प्रमुख लॉकवूड यांनी समुद्रात मासेमारीचं जाळं लावून त्यावर टॉर्पेडो डागायला लावले. जाळ्याला पडलेली भोकं किती खोल आहेत ते मोजलं आणि वाद मिटला.

दुसरा दोष चुंबकीय फ्यूजचा, म्हणजे जहाजाच्या पोलादामुळं बदललेलं चुंबकीय क्षेत्र ओळखून स्फोट घडवणाऱ्या यंत्राचा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडं सारखं नसतं. अमेरिकेत न्यूपोर्टला जुळवलेला फ्यूज विषुववृत्ताकडं दगा द्यायचा. टॉर्पेडो वाटेतच फुटे, नाहीतर फुटतच नसे. जून 1943 मध्ये पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख निमित्झ यांनी तो बंद करायला लावला.

मग तिसरा उघडा पडला. 24 जुलै 1943 रोजी 'टिनोसा' या अमेरिकी पाणबुडीनं 'तोनान मारू क्र. 3' या जपानी जहाजावर 15 टॉर्पेडो सोडले. त्यातले 11 लागूनही फुटले नाहीत. कप्तान डॅस्पिट यांनी उरलेला एक तपासणीसाठी पर्ल हार्बरला परत आणला. फार शहाणपणाचा निर्णय! धडकेनंतर सरकून स्फोट घडवणारी पिन टॉर्पेडोच्या दिशेला आडवी होती. 46 नॉटच्या (ताशी सुमारे 85 किलोमीटर) वेगात सरळ धडक बसली की पिन घासून अडकायची. धडक तिरकी असली तर भार कमी पडून टॉर्पेडो फुटायचा. म्हणजे अचूक नेम धरणाऱ्याचंच नुकसान. चाचणीत 90 फुटांवरून पोलादी पत्र्यावर सरळ टाकलेल्या 10 पैकी 7 निकामी निघाले. उपाय साधा होता : हलक्या मिश्रधातूची पिन. ती येईपर्यंत तिरका मारा करा, असा हुकूम सुटला.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, परभणी) : 1898 साली 'मेन' हे अमेरिकी युद्धजहाज स्पेननं उडवलं होतं का?

उत्तर : 15 फेब्रुवारीला, तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या क्युबातल्या हवाना बंदरात ते बुडालं आणि 260 हून अधिक माणसं गेली. तेव्हाच्या चौकशीनं पाणसुरुंगावर ठपका ठेवला. तो सुरुंग कुणाचा, हे मात्र सांगितलं नाही. 1911 च्या चौकशीनंही बाहेरचाच स्फोट धरला. 1976 मध्ये अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल रिकोव्हर यांच्या गटाला कोळशाच्या कोठारातली आग हे कारण अधिक पटलं. साखर कारखान्यात बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) ढीग आतून तापतो, तसाच हा कोळसाही आपोआप पेटतो, आणि शेजारी एका पोलादी भिंतीपलीकडं दारूगोळा होता. मतभेद अजून आहेत. स्पेनच्या सरकारनं हे केल्याचा पुरावा मात्र सापडलेला नाही.