हेरिंगचा निकाल आणि आपली सुंगटं

प्रश्न : आमच्या घरचे दोन ट्रॉलर मालीम जेटीवर असतात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये मच्छीमारांच्या बाजूने निकाल देऊन सरकारी खात्यांचे अधिकार कमी केले म्हणे. मग कासवांचं कारण सांगून आपल्या समुद्रातल्या सुंगटांवर (कोळंबीवर) त्यांनी घातलेली बंदी आता टिकेल का?
— एक ट्रॉलरमालक, बेती

उत्तर : टिकेल. जेटीवरची ही चर्चा माझ्याही कानावर येते. तिच्यात निम्मं खरं आहे, म्हणूनच ती पसरते.

खटला होता हेरिंगचा, म्हणजे आपल्या तारल्यांच्या गोतावळ्यातल्या माशाचा. न्यू जर्सी आणि ऱ्होड आयलंडच्या बोटवाल्यांना तिथल्या मत्स्य खात्याने बजावलं, बोटीवर निरीक्षक घ्या आणि त्याचे पैसेही तुम्हीच द्या. दिवसाला ७१० डॉलरपर्यंत! १९७६ च्या मत्स्य कायद्यात निरीक्षक ठेवायची मुभा होती, पण हेरिंगवाल्यांनी खर्च सोसावा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तो अर्थ खात्याने लावला. १९८४ च्या शेव्हरॉन निकालापासून अशा वेळी खात्याचा अर्थ वाजवी दिसला की कोर्टं तो मान्य करत. २८ जून २०२४ ला सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ती रीत मोडीत काढली : कायदा संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ कोर्टच लावील. (८४ च्या खटल्यातला नियम ज्या ॲन गोर्सच पर्यावरण खात्यावर असताना निघाला, त्यांचाच मुलगा नील हा ही रीत मोडणाऱ्या न्यायमूर्तींत होता. नशीब म्हणतात ते हे!)

सुंगटांच्या बाबतीत अशी संदिग्धता नाही. कासवांना घातक ठरेल अशा पद्धतीने धरलेली सुंगटं आणायची नाहीत, आणि सूट द्यायच्या देशांचा दाखला दरवर्षी १ मेपर्यंत काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) द्यायचा, हे १९८९ च्या कायद्याच्या कलम ६०९ मध्येच आहे. ते खात्याचं परिपत्रक नव्हे. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे गेले होते. १९९८ मध्ये अंमलबजावणीतला दुजाभाव सिद्ध झाला. कायदा मात्र तसाच राहिला.

मी मुरगाव बंदरात निर्यातीचे कागद करत आलो, त्यामुळे कोर्टापेक्षा माझा जीव फॉर्ममध्ये अडकतो. अमेरिकेला जाणाऱ्या सुंगटांसोबत डीएस-२०३१ हा फॉर्म जातो. त्यात सुंगटं धरली कशी, याचे रकाने असतात. तळ्यातली असतील तर वाट सोपी. विंच किंवा कप्पी न लावता हाताने ओढलेल्या जाळ्यातली असतील तर वेगळा रकाना आहे. आपली रापण त्यात बसण्यासारखी, पण त्यावर सरकारी अधिकाऱ्याची सही लागते. आणि रापणीत निर्यातीपुरती सुंगटं मिळायची कधी, तेही देव जाणे.

तुमच्या विंचवाल्या ट्रॉलरला उरतो टेडचा रकाना. टेड म्हणजे ट्रॉल जाळ्यात तिरक्या बसवलेल्या सळ्या. सुंगटं फटींतून मागे जातात आणि कासव सळ्यांवरून घसरत झडपेतून बाहेर पडतं. नाहीतर ते जाळ्यात गुदमरतं, कारण श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. मोरजी, आगोंद, गालजीबागला जी अंडी घालायला येतात, ती हीच कासवं. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने आपल्या ट्रॉलरसाठी टेड बनवलेलं आहे. मत्स्योद्योग खात्यात चौकशी करा. मात्र तुम्ही एकट्यानेच बसवून भागणार नाही. दाखला देताना अमेरिका एक बोट बघत नाही, देशभर नियम पाळला जातो का ते बघते.