तंबोऱ्याचा गांधार (ग) पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, गांधाराशी जुळत नाही. पेटी बिघडली आहे का?

पेटी बिघडलेली नाही, आणि तुमचा कानही चुकत नाही. सा आणि प व्यवस्थित मिळतात, मग गांधारच का टोचतो, आणि हे कॉमा, टेम्परिंग प्रकरण काय आहे, असं तुम्ही विचारलंय. मी मिरजेचा, सतारमेकरांच्या दुकानांत ऊठबस असलेला. आधी थोडा हिशेब करू.

सा सेकंदाला २४० कंपनांचा धरा. त्याच्या दीडपट प, म्हणजे पंचम, ३६०. कोणत्याही सुराची दीडपट हा त्याचा पंचम. प चा पंचम रे, ५४०. सप्तक खाली आणला, म्हणजे निम्मा केला, की २७०. रे चा पंचम ध, ४०५. ध चा पंचम ग, ६०७.५, म्हणजे मध्य सप्तकात ३०३.७५. आता दुसऱ्या वाटेने या. तंबोऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेतून जो स्वयंभू (आपोआप उमटणारा) गांधार ऐकू येतो, तो तारेच्या मूळ कंपनांच्या पाचपट असतो. तो मध्य सप्तकात आणला तर नेमका ३००. या दोन गांधारांमधलं ८१:८० हे अंतर म्हणजे कॉमा. आपल्याकडे त्यालाच प्रमाणश्रुती म्हणतात.

गळ्याला याचा त्रास नाही, तो तंबोऱ्यात मिसळून गातो. पेटीच्या सुरांना मात्र जागा सोडता येत नाही. तिथे हे अंतर कुठेतरी जिरवावंच लागतं, आणि असं जिरवणं म्हणजेच टेम्परिंग. युरोपात सोळाव्या शतकात पंचम थोडे उतरवून गांधार शुद्ध ठेवण्याची रीत होती. आजच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग आहेत. त्यात प येतो ३५९.६, फरक जवळजवळ कळतच नाही. ग येतो ३०२.४, म्हणजे चांगलाच चढा.

हे ऐकून बघा. खर्ज १२० ला लावला तर त्यातला गांधार ६०० वर वाजतो. पेटीच्या गांधाराचं सप्तक वरचं रूप ६०४.८ वर. दोन्ही एकत्र धरले की सेकंदाला जवळपास पाच लाटा उठतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा कमी-जास्त होतो. घोडीवरचा दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची झणकार, खुलवली की त्या जास्तच स्पष्ट होतात. दोरा काढला की गांधार मंदावतो आणि भांडणही. म्हणूनच चांगल्या तंबोऱ्यासमोर पेटी जास्त बेसूर वाटते!

आपल्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी याच प्रश्नावर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांना सोबत घेऊन प्रयोग केले आणि १९१० साली २२ श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवर, पुस्तक छापलं. या श्रुतींसाठी खास पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर बराच वाद झाला. माझ्या मते त्यांची सगळी मापं मान्य करायची गरज नाही, पण तंबोरा समोर ठेवून स्वर मोजायची त्यांची दिशा योग्यच होती.

आता तुमच्या पेटीचं. कायम एकाच पट्टीत गात असाल, तर जाणत्या कारागिराकडून गांधाराची रीड मुळाशी किंचित घासून उतरवून घ्या. फरक लगेच जाणवेल. पण अनेकांना साथ करत असाल तर हात लावू नका. पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) हा सा धरून उतरवलेला गांधार म्हणजे पांढरी तीन. पांढरी सहा हा सा धरणाऱ्या गायकासाठी तीच पांढरी तीन पंचम होते, आणि उतरलेला पंचम चढ्या गांधारापेक्षा कितीतरी जास्त खटकतो.